तांब्याभर नदी

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या घरी अभ्यंगाच्या पाण्यात नदीचे पाणी मिसळण्याची चाल होती. ही चाल शास्त्रात सांगितली आहे की नाही, मला ठाऊक नाही. आत्याला विचारले असते तर ती म्हणाली असती, "शास्त्र लिहिणारे दहिसरला कधी आले होते?" तिच्या बोलण्याची तऱ्हाच तशी होती. आदल्या दिवशी दिवेलागणीच्या आधी ती चिंचेने लख्ख घासलेला तांब्या घेऊन मागल्या दाराने बाहेर पडे. पाच-पन्नास पावलांवर नदी होती. घोटाभर पाण्यात उभे राहून ती तांब्या भरी, आणि येताना वाटेत कोणाशी बोलत नसे. तो तांब्या रात्रभर तुळशीपाशी झाकून ठेवायचा. पहाटे बंबातले कढत पाणी घंगाळात ओतले, की त्यात प्रत्येकाच्या वाट्याचे ओंजळभर नदीचे पाणी पडे. मग उटणे, मग डाव्या अंगठ्याखाली फोडायचे ते कडू कारीट. आम्हा मुलांचे सारे लक्ष कारिटाकडे असे. नदीच्या पाण्याने आंघोळ थोडी कोमट होते, एवढीच आमची त्याबद्दलची तक्रार.

दिवाळीत आमची नदी पाहण्यासारखी असे. पावसाळ्यात ती तांबडी, फुगलेली, झाडांच्या फांद्या वाहून आणणारी. मे महिन्यात नुसते गोटे आणि मधूनमधून डबकी. पण आश्विन-कार्तिकात तिचे पाणी निवळून काचेसारखे होई. गुडघाभर पाण्यात तळाचा एकेक खडा मोजून घ्यावा. हे सुख महिना-दीड महिन्याचे. पण नदीची ओळख माझ्या मनात त्याच महिन्याची राहिली आहे. माणसांचेही तसेच असते. आत्या चिडकी होती, तरी मला ती आठवते ती तांब्या घेऊन येताना.

वाचकांपैकी कित्येकांनी दहिसर नदी हे नाव ऐकलेही नसेल. गोदावरीला, कृष्णेला माहात्म्ये आहेत. घाट आहेत, कुंभमेळे आहेत. आमच्या नदीला पोथी नाही आणि धड नावही नाही. गावकरी तिला नुसते 'नदी' म्हणत. दहिसर हे नाव पुढे कागदावर चिकटले. बोरिवलीच्या मागे तुळशी तलावाच्या अंगाला जे जंगलाचे डोंगर आहेत, त्यांत ती जन्मते, आणि सुमारे बारा किलोमीटर धावून मनोरीच्या खाडीला मिळते. एवढाच तिचा संसार. सकाळी न्याहारी करून मुखाकडून निघालेला माणूस दुपारच्या जेवणापर्यंत उगमाजवळ पोचेल. दहिसर, पोईसर, ओशिवरा आणि मिठी या मुंबईच्या चारही नद्या त्याच डोंगरांच्या लेकी. थोरली मिठी. तिच्या वाटेवर इंग्रजांनी १८६० साली विहार तलाव बांधला, आणि पुढे १८७९ साली तुळशीचे पाणी अडवले. म्हणजे ज्या शहराने या डोंगरांचे पाणी पहिल्याप्रथम नळाने प्यायले, त्याच शहराला या डोंगरांच्या नद्या पुढे ओळखू येईनाशा झाल्या.

मी १९५५ साली, सहा वर्षांचा असताना, आईवडिलांबरोबर आत्याच्या घरी दहिसरला आलो. आत्याचे यजमान लवकर वारले होते, घर मोठे होते, आणि वडिलांची नोकरी रेल्वेत. त्या वेळी आम्ही मुंबईचे नव्हतो. १९५७ साली दहिसर बृहन्मुंबईत गेले, तेव्हा वडिलांनी पेढे आणले. आत्याने पेढा खाल्ला आणि विचारले, "मग आता मुंबई इकडे येणार का?" वडील हसले. तिचा प्रश्न चेष्टेचा नव्हता, हे कळायला आम्हाला पंधरा-वीस वर्षे लागली.

त्या वेळच्या गावांविषयी थोडे लिहिले पाहिजे. साष्टी बेटाचे नाव सहासष्ट गावांवरून पडले असे सांगतात. त्यांतली चार-पाच या नदीच्या आसऱ्याने होती. वर जंगलात वारल्यांचे पाडे. तिथे नदी म्हणजे ओहळ, दगडांतून उड्या मारणारा. तिथल्या बायका मोळ्या आणि करवंदे घेऊन बाजाराला येत, आणि वाघोबाला कोंबडे दिल्याच्या गोष्टी आत्याला सांगत. बिबळ्या तेव्हाही होता, आजही आहे. त्यांच्याखाली मागाठाणे. हे गाव नुसते जुने नव्हे, अतिजुने. कान्हेरीच्या लेण्यांतील एका शिलालेखात भिक्षूंसाठी शेत दान दिल्याचा उल्लेख आहे, आणि ते शेत मंगलस्थान नावाच्या गावातले. मंगलस्थान म्हणजेच मागाठाणे, असे जाणकार सांगतात. लोकलच्या गर्दीत 'मागाठाणे' ऐकले की मला अजूनही त्या शेताच्या बांधाची आठवण होते. न पाहिलेल्या बांधाचीही आठवण होऊ शकते.

महाशिवरात्रीला आम्ही कान्हेरीला चालत जात असू. रस्त्याने कमी, नदीच्या पात्रातून जास्त. कारण माघात पात्र जवळजवळ कोरडे. आत्या पदर खोचून दगडावरून दगडावर जाई. वर गेल्यावर बाकीचे लोक मूर्ती पाहत, आत्या टाकी पाही. कान्हेरीला शंभरावर लेणी आहेत, आणि एकेका लेण्याशेजारी पाण्याचे टाके कोरलेले आहे. छपराचे पाणी पन्हळीतून टाक्यात, एका टाक्यातून दुसऱ्यात, अशी ती योजना. आत्या म्हणे, "बघ, संन्यासी माणसं, पण पाण्याचा संसार कसा नेटका." तिथेच १००९ आणि १०२१ साली येऊन गेलेल्या पारशी पाहुण्यांनी पहलवी लिपीत आपली नावे कोरून ठेवली आहेत. भिंतीवर नाव लिहिण्याची खोड नवी नाही, हे पाहून मला लहानपणी फार बरे वाटले होते. माझ्या खिशात तेव्हा खिळा होता.

डोंगर उतरून नदी सपाटीला आली, की तिच्या अंगावर भातखाचरे आणि भाजीचे वाफे. पहिल्या पावसात वळगणीचे मासे प्रवाहाविरुद्ध वर चढत, आणि अख्खे गाव पागोळ्यांत भिजत कंदील घेऊन नदीवर जाई. आमच्या घरी मासे होत नसत. पण मी शेजाऱ्यांच्या घोळक्यात असे, आणि आत्या ते पाहून न पाहिल्यासारखे करी. रेल्वेच्या पुलाखालून नदी गेली की तिची चाल मंदावे. मग कांदरपाडा, त्याच्यापुढे खाजण, मिठागरांचे पांढरे ढीग, तिवरांची झाडी, आणि तिवरांतून उडणारे निवटे. उधाणाची भरती खाडीतून नदीत घुसे, आणि गोडे-खारे पाणी जिथे भेटे तिथे पाण्यावर एक रेघ दिसे. दक्षिणेला मंडपेश्वरची लेणी. शैव लेणी, सोळाव्या शतकात पोर्तुगीज पाद्र्यांनी तिथे देऊळ केले, पुढे १७३९च्या वसईच्या मोहिमेनंतर मराठी अंमल आला, दगड तेच राहिले. त्या बाजूची एक ईस्ट इंडियन बाई आत्याची मैत्रीण होती. नाताळात तिच्याकडून फुगे यायचे, दिवाळीत आमच्याकडून करंज्या जायच्या. आत्या फुगे घेई, देवाला दाखवत नसे, आणि सगळ्यांच्या आधी एक खाई.

सिनेमावालेही येत. नदीकाठी एखादी नटी घागर घेऊन तासन्‌तास उभी राही, आणि गावातल्या खऱ्या घागरी घेतलेल्या बायका तिला बघायला उभ्या राहत. ते चित्रपट मी पुढे पाहिले. नदी कुठे ओळखू आली नाही.

आता जे लिहायचे ते लिहायला मी इतका वेळ लावला आहे, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल.

मी ड्राफ्ट्समन झालो. १९७४ साली अंधेरीला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात लागलो. उंच टेबल, टी-स्क्वेअर, ट्रेसिंग पेपर, काळ्या शाईची पेने. माझे अक्षर चांगले म्हणून नकाशावरची नावे लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. सहा महिन्यांनी जो नकाशा टेबलावर आला तो आमच्याच बाजूचा होता. बोरिवली आणि दहिसर यांच्यामध्ये, नदीच्या काठी, एक वसाहत व्हायची होती. मला केवढा आनंद झाला! मी प्रत्येक वळण पाठ असल्यासारखे काढले. ते पाठच होते. मग वळणाच्या आत सुंदर तिरप्या अक्षरांत 'नदी' असे इंग्रजीत लिहिले. आमचे वरिष्ठ आले, त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "नाला लिहा. नदी म्हटलं की चार माणसं चार प्रश्न विचारतात. नाल्याला कोणी काही विचारत नाही."

मी ब्लेडने अक्षरे खरवडली. ट्रेसिंगवरची शाई खरवडण्याचे एक कसब असते. कागद फाटू न देता हलक्या हाताने खरवडायचे, मग नखाने घासून तो भाग गुळगुळीत करायचा, म्हणजे नवी शाई पसरत नाही. ते कसब माझ्या अंगी होते. पाच मिनिटांत नदीचा नाला झाला. मी वाद घातला नाही. वाद घालण्याचे मला सुचलेही नाही, हे अधिक खरे.

त्या नकाशाची एक प्रत मी घरी आणली. अमोनियाचा वास येणारी ती प्रत मी ओटीवर पसरली, कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. पहिल्यावहिल्या मोठ्या कामाचे कौतुक व्हावे ही इच्छा. आत्याला इंग्रजी येत नव्हते, पण वळण तिने लगेच ओळखले. बोट ठेवून म्हणाली, "ही नदी. हे काय लिहिलंय तिच्यावर?"

मी खोटे बोलू शकलो असतो. तिला कधी कळले नसते. का कोण जाणे, मी खरे सांगितले. "नाला लिहिलंय, आत्या. ऑफिसात तसंच लिहितात."

तिचे बोट तिथेच राहिले. जरा वेळाने ती म्हणाली, "मग मी चाळीस वर्षं दिवाळीला तांब्यात काय आणते रे, बाळ?"

एवढेच. ती रागावली नाही, रडली नाही. उठून चुलीपाशी गेली. मी नकाशा गुंडाळला. त्या वर्षी दिवाळीला तिने नेहमीप्रमाणे तांब्या आणला. पहाटे माझ्या घंगाळात पाणी ओतण्याआधी थांबली आणि विचारले, "तुला चालेल ना?" तिच्या स्वरात टोमणा असता तर मला सोपे गेले असते. टोमणा नव्हता. ती खरोखर विचारत होती. शिकलेल्या भाच्याला आता हे पाणी चालते की नाही, अशी तिला शंका आली होती.

पुढची हकीगत मुंबईत सर्वत्र तीच. वसाहत झाली, तिच्यापुढे दुसरी झाली. काठावर म्हशींचे तबेले आले, त्यांचे शेण पात्रात. घरांची गटारे पात्रात. कारखान्यांचे जे काय ते पात्रात. नदी आत यायला नको म्हणून भिंती बांधल्या, आणि भिंतींच्या मागच्या जागेवर घरे उठली. एकाच्या माथी दोष मारावा असे यात काही नाही. तबेलेवाल्याला शहराने दूध मागितले. घरे मागणारे आम्हीच होतो. १९८३ची दिवाळी असावी. आत्या संध्याकाळी तांब्या घेऊन गेली आणि लवकरच परत आली. तांब्या रिकामा होता. तिने तो उपडा करून फळीवर ठेवला. त्या पहाटे तिने आमच्या पाण्यात काही मिसळले नाही, आणि कोणी विचारलेही नाही. १९९१ साली ती गेली. घर आधीच विकले होते.

आणि मी कुठे राहायला गेलो? त्याच वसाहतीत, जी मी काढली होती. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, स्टेशन जवळ, मुलाची शाळा जवळ. खिडकीतून भिंत दिसे, भिंतीपलीकडचे दिसत नसे. वास मात्र येई. आमच्या सोसायटीत त्याला सगळे नालाच म्हणत. मीही म्हणे.

२६ जुलै २००५, मंगळवार. मुंबईकराला ती तारीख समजावून सांगायला नको. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. दुपारी समुद्राला भरती. डोंगरातले पाणी खाली येत होते आणि खाडी ते घेत नव्हती. लहान नदीचे हे असेच असते. तिचा डोंगर आणि तिचा समुद्र एकमेकांच्या इतके जवळ, की मध्ये विसावायला जागा लागते. पूर्वी ती जागा खाचरे देत, खाजण देई. आता त्या जागी आम्ही होतो. मी त्या दिवशी घरी होतो. चारच्या सुमारास भिंतीवरून पाणी आले. तांबडे, फुगलेले, फांद्या वाहून आणणारे. तीस वर्षांत मी तिला त्या रूपात पाहिले नव्हते, पण पाहताक्षणी ओळखले.

तळमजल्यावर एक निवृत्त गुरुजी आणि त्यांच्या पत्नी राहत. दोघांनाही गुडघ्यांचा त्रास. मी आणि माझा मुलगा छातीभर पाण्यातून त्यांना आधार देत जिन्यापर्यंत आणले. बाईंनी देव्हारा तेवढा डोक्यावर घेतला होता. रात्रभर सारे आमच्याकडे. वीज नव्हती. मेणबत्तीच्या उजेडात गुरुजी पुन्हा पुन्हा एकच विचारत होते, "अहो, तुम्ही इथले जुने. एवढं पाणी आलं कुठून? नाल्याला एवढं पाणी असतं का कधी?"

मी म्हणालो, "ती नदी आहे, गुरुजी."

"नदी? इथे नदी आहे? आम्हाला कोणी सांगितलं नाही."

चार दिवसांनी गच्चीवर त्यांची पुस्तके वाळत घातली होती. पानांना चिखल बसून ती पापडासारखी ताठ झाली होती. मी गुरुजींशेजारी बसून पाने सोडवत होतो, आणि तिथे मी त्यांना ट्रेसिंगची गोष्ट सांगितली. ब्लेड, नख, सगळे. त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "तुम्ही नसतं लिहिलं तर दुसऱ्या कोणी लिहिलं असतं." चांगला माणूस. त्यांच्या आयुष्यभराच्या पुस्तकांचा लगदा समोर पडलेला असताना ते माझी समजूत घालत होते. पण माझे समाधान काही झाले नाही. दुसऱ्या कोणी लिहिले असते तर अक्षर माझे नसते.

त्या पुरानंतर नदी लोकांच्या तोंडी आली. वर्तमानपत्रांत नकाशे छापून आले, आणि त्यांत तिचे नाव होते. पुढे काठाने पदयात्रा निघाल्या, तरुण मुले-मुली पोते घेऊन पात्रातला कचरा काढू लागली. मी एकदा गेलो होतो. एका मुलीने मला हातमोजे दिले आणि 'आजोबा, तुम्ही वरच थांबा' म्हणाली. माझ्या मुलाने मला सोल शहरातल्या ओढ्याची चित्रे दाखवली. त्या लोकांनी ओढ्यावर बांधलेला उंच रस्ता पाडला आणि त्याच २००५ साली ओढा पुन्हा उघडा केला. आता तिथे माणसे पाण्यात पाय सोडून बसतात. पाणी मात्र पंपाने आणून सोडावे लागते. आमच्या नदीला निदान डोंगर आहे, एवढा मला त्या चित्रांत दिलासा वाटला.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधीच्या रविवारी मी नातीला घेऊन राष्ट्रीय उद्यानात गेलो. फाटकातून आत, बराच वेळ चालत, जिथे काठावर घरे नाहीत आणि नळ सोडणारे कोणी नाही, तिथपर्यंत. पाणी निवळले होते. गुडघाभर, तळाचे खडे मोजावे असे. बिबळ्याचे जंगल म्हणून नात माझा हात सोडत नव्हती, पण पाणी पाहिल्यावर तिने तो सोडला. म्हणाली, "आजोबा, ही आपल्या मागची?"

"मागची म्हणजे?"

"भिंतीच्या मागची."

मी हो म्हटले. तिने वाकून बोटे बुडवली आणि हुंगून पाहिली. मग पिशवीतून मी तांब्या काढला. फळीवर उपडा ठेवलेला तो तांब्या घर विकताना माझ्याकडे आला होता. चिंचेने घासला तेव्हा आतून अजून लख्ख निघाला. पात्रात उतरताना माझे पाय नीट पडेनात, तेव्हा तांब्या नातीनेच भरला. परतताना तिथल्या रखवालदाराने हटकले, "काय आहे त्यात?" पाणी, म्हटल्यावर त्याने वाकून आत पाहिले, माझ्या तोंडाकडे पाहिले आणि जाऊ दिले. रिक्षात नात दोन्ही हातांनी तो धरून बसली होती. मी तिला सांगितले होते की घरी पोचेपर्यंत बोलायचे नाही. ही अट सांभाळणे तिला पुलापर्यंतच जमले.

पहाटे सुनेने गीझरचे पाणी बादलीत काढले आणि तांब्या कलंडला. कोणाला फारसे काही कळले नाही. धाकटा नातू पाणी गार झाले म्हणून ओरडला. तांब्याच्या तळाशी चिमूटभर वाळू उरली होती. टाकायची कुठे, असे सुनेने विचारले, आणि माझ्या उत्तराची वाट न बघता ती खिडकीतल्या तुळशीच्या कुंडीत ओतली.